सुनावणीआधी लागलेला फ्लेक्स

आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो फ्लेक्सवर लागला तेव्हा माझं तोंड उघडं होतं. फोटो तहसील कचेरीसमोरच्या धरण्यातला. मी घोषणा देत होते, उजवा हात वर होता. फ्लेक्सवाल्यानं हात कापला, अंगावर निळा कोट चढवला आणि मागे काचेची उंच इमारत उभी केली. तोंडाचं मात्र त्याला काही करता आलं नाही. त्यामुळे आमच्या स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असणार, की ही मुलगी जांभया देत देत बेंगलोरला निघालीय.

खाली लिहिलं होतं, ‘गावची सुकन्या, बेंगलोर येथील नामांकित कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

मी इंजिनिअर नाही. मराठीत एम. ए. आहे. आणि मी अजून जायचं ठरवलेलं नव्हतं.

इंजिनिअरची चूक हसण्यावारी नेता येते. दुसरीसाठी हे लिहायला बसलेय.

आमचं गाव संगमनेरच्या पठारावर आहे. पाणी कमी, वारा जास्त. बाजरी, कांदा, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याचं डाळिंब. गावाच्या डोक्यावर डोंगर. त्या डोंगराला एका शेठनं खाण लावली आणि पायथ्याशी खडीचा क्रशर टाकला. शेठ तालुक्यातलाच. स्वतः निवडणूक लढवत नाही, लढणाऱ्यांना गाड्या पुरवतो. दगड फोडायला सुरुंग लावतात, त्याला आमच्याकडे बार म्हणतात. आधी भोंगा वाजतो. मग बार उडतो. मग घराघरात मांडणीवरची भांडी खणाखणा वाजतात आणि सगळं शांत झाल्यावर पांढरी धूळ सावकाश खाली येते. डाळिंबाच्या पानावर बसते, दोरीवरच्या धुण्यावर बसते, शाळेतल्या खिचडीवर बसते. सरकारी भाषेत या दगडाला गौण खनिज म्हणतात. दगडाखाली राहणाऱ्यांना काय म्हणतात ते कुठल्या कागदात लिहिलेलं नाही, पण कचेरीत गेलं की कळतं.

खाणीला सगळ्यात जवळ घर काकूचं. काकू माझ्या नात्यातली नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आळीतले सगळेच तिला काकू म्हणतात. दगड-मातीचं घर. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली ती खिडकीपर्यंत आली. आम्ही अर्ज केला. तहसीलमधून पंचनाम्याला एक साहेब आले. भेगेत बोट घालून म्हणाले, ‘घर जुनं आहे. मातीतलं बांधकाम आहे. अशा भिंतींना भेगा जातातच.’

काकू म्हणाली, ‘सायेब, चाळीस वर्सं गेली न्हाई ती आताच कशी गेली?’

‘वय होतं ना घराचंही.’

‘मंग माझं बी झालंय की. मला कुटं गेली भेग?’

साहेब हसले, चहा प्यायले आणि ‘नैसर्गिक कारण’ असं लिहून निघून गेले. नैसर्गिक! डोंगर पोखरून टेम्पोत भरणं आता निसर्गात धरतात.

आता सिद्ध कसं करायचं? आमच्याकडे यंत्र नव्हतं, मोजणारा माणूस नव्हता. आमच्याकडे पत्रकं होती. मी लिहिलेली, संगमनेरला छापलेली, बाजारात वाटून उरलेली. ‘भिंत आमची, बार तुमचा’ हा मथळा. त्या पत्रकांच्या मी कात्रीनं पट्ट्या कापल्या, काकूनं खळ शिजवली आणि भेगेवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर तारीख टाकली, फोटो काढला. बार उडाला की भेग हलते, आणि भेग हलली की वाळलेला कागद तुटतो. एवढं साधं. तुटली की पुन्हा फोटो, खाली नवी पट्टी. बार उडाला की काकू हातातलं काम टाकून भिंतीपाशी जायची आणि तिथूनच मला हाक मारायची, ‘तुटली गं!’ कुणाच्या तरी घरची वाईट बातमी सांगावी, तशा आवाजात. आळीतल्या बाकीच्या बायकांनीही आपापल्या भिंतींना पट्ट्या लावल्या. माझी अर्धी अर्धी वाक्यं आळीभर भिंतींवर फाटत होती.

त्या फोटोंवर प्रांत कचेरीनं अर्ज दाखल करून घेतला आणि सुनावणी लावली. आळीतल्या बायकांच्या सह्या होत्या, काकूची पहिली. तिथं उभं राहून बोलायचं मी. बायका येणार होत्या, पण बोलायला कुणी तयार नव्हतं. ‘तू हायेस ना,’ एवढंच सगळ्या म्हणायच्या.

आणि त्याच आठवड्यात बेंगलोरहून फोन आला.

फोन करणारा मूळचा पुण्याचा, माझ्यापेक्षा थोडाच मोठा. त्यांचा स्टार्टअप शेतकऱ्यांसाठी ॲप चालवतो. पाऊस कधी, बाजारभाव काय, कुठल्या रोगावर काय फवारायचं, हे सगळं मोबाईलवर सांगतो आणि शेवटी तेच फवारायचं औषध विकतो. हवामान फुकट, औषध विकत. त्याला मराठीत लिहिणारं माणूस हवं होतं. माझं पत्रक कुणी तरी व्हॉट्सॲपवर फिरवलं होतं ते त्याच्यापर्यंत पोचलं. आमच्याकडे नेट धरायचं तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. मी टाकीच्या शिडीवर बसून मुलाखत दिली. खालून शेळ्या चालल्या होत्या.

मी म्हटलं, ‘सर, मला कंपनीचा अनुभव नाही.’

‘सर नको गं. इथे कुणी सर नाही. नावानं हाक मार.’

नोकरी द्यायच्या आधीच त्यानं माझ्याकडून सर काढून घेतला. कचेऱ्यांत साहेब-साहेब करून माझी जीभ झिजलेली, मला नावानं हाक मारता येईना. सगळी मुलाखत मी त्याला काहीच न म्हणता दिली.

‘ते “भिंत आमची, बार तुमचा” तू लिहिलंस?’

‘हो.’

‘भारी आहे. आम्हाला असंच पाहिजे. म्हणजे बघ, “शेत तुमचं, साथ आमची.” असं काही तरी.’

माझी ओळ त्यानं माझ्या डोळ्यांदेखत उलटी टांगली. मला राग आला. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझ्या वाक्यात काही तरी आहे, असं कुणी पहिल्यांदा म्हणत होतं. आमच्याकडे पत्रक वाचून झालं की त्यात भजी बांधतात.

त्यानं पगार सांगितला आणि म्हणाला, ‘सोमवारपर्यंत सांग. जॉइनिंग एक तारखेला.’

सुनावणी एक तारखेच्या पुढच्या आठवड्यात होती. मी म्हटलं, ‘एक सुनावणी आहे. ती झाली की लगेच येते. चालेल का?’

‘सुनावणी? तुझ्यावर केस आहे?’

‘माझ्यावर नाही. आम्ही केलीय.’

तो म्हणाला, ‘हे बघ, इथे सगळं फार पटापट चालतं. ही जागा थांबणार नाही. तू विचार कर.’

मी विचार केला. दुसरं काही केलंच नाही.

मला जायचं होतं का? होतं. चळवळीतल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो, त्यानंही स्वतःला विचारायचा नसतो. पण मी पत्रकं लिहिते, पोथ्या नाही. आमचं घर म्हणजे एक खोली आणि पडवी. खोलीत आईचं शिलाई मशीन, कापडाचे ढीग, मी आणि आई. वडील भिंगारला एका ठेकेदाराकडे बागकामाला आहेत, सुट्टी मिळाली की येतात. मला एक खोली हवी होती, जिच्या दाराला आतून कडी आहे. मला असं शहर हवं होतं, जिथं मी रस्त्यानं चालले तर ‘ती बघा क्रशरवाली’ असं कुणी म्हणणार नाही. क्रशर शेठचा आणि क्रशरवाली मी!

आणि मला राहायचं होतं का? तेही होतं. तहसीलच्या पायऱ्यांवर मला जितका राग यायचा, तितकाच या विचारानं यायचा, की सुनावणीच्या दिवशी त्या कचेरीत काकू उभी असेल आणि तिच्या शेजारी कुणी नसेल.

आईला पगार सांगितला तेव्हा तिनं मशीन थांबवलं. ‘वर्षाचा?’

‘महिन्याचा.’

तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. वर न बघता म्हणाली, ‘मग? काय ठरवलंस?’

‘नाही ठरवलं. आणि तू कुणाला बोलू नको.’

‘मी कशाला बोलू?’

वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, ‘तुझं तू बघ बाई. तू शिकलेली हायेस.’ शिकलेल्या माणसाला एकटं पाडायची ही आमच्याकडची खास रीत आहे.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी संगमनेरला गेले. आमचा अर्ज बघणाऱ्या वकिलांना भेटायचं होतं, सुनावणीचं पत्रक छापून आणायचं होतं. मथळा होता, ‘सगळ्यांनी प्रांत कचेरीत चला.’ वकिलांनी फोटो बघितले, पुन्हा पुन्हा बघितले. ‘हे कुणी सुचवलं तुम्हाला? पट्ट्यांचं?’ मी म्हटलं, ‘सुचलं.’ ते म्हणाले, ‘बोलायला तुम्हीच राहा. तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांना ऐकावं लागेल.’ येताना गाडीत गठ्ठा मांडीवर होता, ताज्या शाईचा वास येत होता. माझं जवळजवळ ठरत आलं होतं. काय ठरत आलं होतं, ते नाही सांगणार. कारण गाडी स्टँडवर थांबली आणि समोर माझंच उघडं तोंड दिसलं.

मला क्षणभर कळेना. मग सगळं कळलं, असं वाटलं. शेठ! हे काम शेठचंच. मला गावातून घालवायची काय सभ्य युक्ती काढली! शिव्या नाहीत, धमकी नाही, थेट अभिनंदन. मी गठ्ठा कट्ट्यावर टाकला आणि फ्लेक्सच्या बांबूला हात घातला.

माझा चुलतभाऊ कांद्याचा टेम्पो चालवतो. धरण्याला लोक आणणं, पत्रकं पोचवणं आणि मला शिव्या देणं, ही तिन्ही कामं तो फुकट करतो. तो टेम्पोतून उडी मारून धावत आला.

‘ए बाई, फाडू नको! मी लावलाय.’

‘तू? शेठनं सांगितलं तुला?’

‘शेठ कशाला सांगतोय? काकूनं लावायला लावलाय. बायकांनी वर्गणी काढली. खालचं वाच की.’

खाली वाचलं. ‘शुभेच्छुक : समस्त महिला मंडळ.’

आमच्या गावात महिला मंडळाचा फ्लेक्स कधी लागलेला मी बघितलेला नाही. बाई सरपंच झाली तरी फ्लेक्सवर तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा आणि तिचा कोपऱ्यात, पदर सांभाळलेला. या एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर एकही पुरुष नव्हता. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी यावर आख्खं पत्रक लिहिलं असतं.

‘पण मी ठरवलं नाही अजून!’

‘आं?’ तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘काकू तर म्हणली, पक्कं हाय.’

‘आणि हा कोट? हे इंजिनिअर?’

‘बेंगलोरला दुसरं काय असतं? तो डिझाईनवाला म्हणला, कोट घालू का, काकू म्हणली घाल. थंडी असती म्हणली तिकडं.’ मग तो जरा इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, ‘तू आधी काकूकडं जा. दुपारी शेठ आल्ता.’

शेठचे डंपर स्टँडवरच चहाला थांबतात. फ्लेक्स सकाळी लागला, दुपारपर्यंत शेठला कळलं. तो स्वतः आला. इतक्या धरण्यांत, इतक्या अर्जांत कधी तोंड न दाखवलेला माणूस त्या दिवशी काकूच्या ओट्यावर येऊन बसला, आळीतल्या बायकांना बोलावून घेतलं. सगळ्यांच्या भिंतींना आपल्या माणसांकडून सिमेंटचं प्लास्टर करून देतो म्हणाला. बार दिवसातून एकदाच, दुपारी उडवू, म्हणाला. त्या बदल्यात अर्ज मागे घ्यायचा.

हे मला काकूनं सांगितलं. मी ओट्यावर उभीच होते, बसले नाही. ती तांदूळ निवडत होती.

‘आणि तुम्ही हो म्हणालात?’

‘व्हय.’

‘काकू, तुला कळतंय का? तो सुनावणीला घाबरलाय, मी नसेन असं कळताच तुम्हाला गाठायला आला. पहिल्यांदा घाबरला. प्लास्टर बाहेरून होईल, भेग आत तशीच राहील. बार एकदाच म्हणतोय, लिहून दिलंय का त्यानं?’

‘न्हाई दिलं.’

‘मग?’

‘मग काय? तू चाललीस. आमच्यातली कोन बोलनार त्या सायबाम्होरं?’

‘मी चालले असं तुला कुणी सांगितलं?’

‘तुझ्या आईनं.’

‘आईला मीच अजून “जाते” म्हटलेलं नाही!’

काकूनं सूप खाली ठेवलं. ‘तुझ्या आईनं म्हणलं, पोरगी दोन दिस झालं नीट जेवत न्हाई, बेंगलोरची नोकरी आलीय. तवाच म्या म्हणलं, हिचा जीव अडकलाय. कशात? आमच्या भिंतीत. मंग आमी सगळ्या बसलो आन ठरवलं. म्हणलं, हिला इचारायचं न्हाई. इचारलं तर ही न्हाईच म्हननार. फ्लेक्सच लावू. फ्लेक्स लागला की मानूस माघारी फिरत न्हाई.’

ही गावाची रीत आहे. फ्लेक्स लागला म्हणजे झालं. कुणाची भरतीत निवड व्हायच्या आधी फ्लेक्स लागतो, कुणाचं पॅनेल निवडून यायच्या आधी विजयाचा लागतो. मग त्या माणसाला तसं व्हावंच लागतं, नाही तर तोंड लपवावं लागतं. मी यावर हसणारी बाई. माझ्यावरच ती रीत चालवली, आणि मायेनं चालवली.

‘शेठ मनात नव्हता गं आमच्या,’ ती म्हणाली. ‘ते फ्लेक्सचं फकस्त तुझ्यासाठी हुतं. तो आपला आपन आला. आला तवा म्हणलं, बरंच झालं. आता तुला कशालाच थांबाय नको.’

‘मला थांबायचं होतं की नाही, हे तुम्ही कोण ठरवणार? माझं आयुष्य आहे काकू!’

मी ओरडले असणार, कारण शेजारची बाई दारात आली. काकू मात्र तशीच शांत. म्हणाली, ‘तुझं हाय म्हणूनच. मला दीरानं जमिनीवरनं कोर्टात घातलं तवा मी तुझ्याच वयाची हुते. वकील म्हणला, एक तारीख काढा. काढली. मंग म्हणला, फुडची. संगमनेरची गाडी पकडायची, दिसभर कोर्टाच्या झाडाखाली बसायचं, सायेब रजेवर हाय म्हणून माघारी यायचं. बाकीच्यांच्या पोरी सासरी गेल्या, त्यांना पोरं झाली, तरी मी झाडाखालीच. तू आज म्हनतीस एक सुनावनी. एक कधी नसती. तू लई चांगली बोलतीस, सायेब ऐकंल बी. आन मंग म्हनंल, फुडची तारीख.’

मी गठ्ठा काखेत मारला आणि ओट्यावरून उतरले.

त्या संध्याकाळी मी तरीही घरोघर गेले. पत्रकांचा गठ्ठा काखेत तसाच. प्रत्येक दारात तेच. कुणी पाणी पुढं केलं, कुणी साखर हातावर ठेवली. एक जण म्हणाली, ‘इंजिनिअर झाली गं आपली पोरगी.’ दुसरी म्हणाली, ‘प्लास्टर तर व्हतंय ना. जा तू सुखानं.’ मी कायदा सांगत होते, त्या मला गाडीत खायला काय द्यायचं ते ठरवत होत्या. मी चिडले, एकीला तर म्हटलं, ‘तुम्हाला विकत घेतलं त्यानं सिमेंटवर.’ तिनं वाईट वाटून घेतलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शेठनं कधी केलं नव्हतं इतकं त्या हातानं मला गप्प केलं.

घरी आई पाटावर ताट वाढून बसली होती. मी म्हटलं, ‘तू सांगितलंस.’

‘मी काही सांगितलं न्हाई. मी फक्त म्हणलं, पोरगी जेवत न्हाई.’

सोमवारी सकाळीच अर्ज मागे घेतला गेला. बायका माझ्या चुलतभावाच्याच टेम्पोत बसून संगमनेरला गेल्या. तो मला म्हणाला, ‘मला शिव्या दे. पर त्यांना दुसरं वाहन न्हाई.’ मी शिव्या दिल्या नाहीत. त्याच दुपारी टाकीच्या शिडीवर चढले आणि बेंगलोरला सांगितलं, येते. तिकडून तो म्हणाला, ‘वा! वेलकम!’

आता मी बेंगलोरलाच आहे. खोली मिळाली, आतून कडी आहे. दिवसभर शेतकऱ्यांना संदेश लिहिते. ‘उद्या पावसाची शक्यता, फवारणी टाळा.’ परवा ‘फवारणीची योग्य वेळ.’ काम वाईट नाही. माझी वाक्यं आता लाखो मोबाईलवर जातात असं ते सांगतात. कुणी त्यात भजी बांधत नाही. काकूला मी फोन करते. ती काय जेवलीस विचारते, थंडी हाय का विचारते. भिंतीचं मी विचारत नाही, ती सांगत नाही.

इथल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘किती छान माणसं. तुझ्यासाठी किती केलं.’ खरं आहे. केलं. पण मी पत्रकवाली आहे, माझा हिशोब मला सरळ मांडता आला पाहिजे. त्या बायकांनी माझ्यासाठी आपली एकुलती एक लढाई सोडली. मी मागितलं नव्हतं. आणि त्या सोमवारी मला निवडायला एकच गोष्ट शिल्लक होती, तिला निवड म्हणत नाहीत. लोक विचारतात, तू गाव सोडून जायचं कसं ठरवलंस? मी ठरवलं नाही. मी राहिले असते की गेले असते, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या कचेरीत बोलायला उभी राहिले असते तर आवाज फुटला असता का, हेही नाही. माझ्या स्वतःबद्दलची ही एवढी माहिती त्यांनी मायेनं काढून घेतली. ती कुणाकडे मागू? अर्ज कुठं करू?

निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. स्टँडवर सगळ्या येणार होत्या, काकू येणार नव्हती. तिच्याकडे शेठचे गवंडी आले होते, काम अर्ध्यावर होतं. म्हणून बॅग घेऊन मीच तिच्याकडे गेले. ओट्यावर सिमेंटच्या गोण्या, अंगणात वाळूचा ढीग, आणि ती चुलीवर त्यांच्यासाठी चहा करत होती.

‘ह्यांना चहा कशाला?’ मी म्हटलं. ‘शेठला करू दे.’

‘कामाची मानसं हायेत गं. त्यांनी थोडीच बार लावला.’

एका गवंड्यानं माझ्या बॅगेकडे बघितलं. ‘कुठं चाललात ताई?’

‘बेंगलोरला,’ काकूनंच सांगितलं. ‘आमची पोरगी हाय. इंजिनिअर.’

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. तिनं माझ्याही हातात कप दिला. चहा गोड होता, ती नेहमी कमी साखर घालते, त्या दिवशी जास्त घातली होती. मी तो संपवला. बोलायला गेले असते तर मी भांडले असते, आणि गाडीची वेळ झाली होती.

तेवढ्यात डोंगरावरून भोंगा वाजला. गवंडी थापी ठेवून अंगणात आले. काकू चुलीपुढून उठली, मी उठले, दोघी अंगणात आलो. आम्ही सगळे दाराकडे तोंड करून उभे राहिलो.

बार उडाला. पायाखाली जमीन हलली, आत कुठं तरी तांब्या पडला.

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. प्लास्टर ओलं होतं, काही कळत नव्हतं.

‘नीघ,’ काकू म्हणाली. ‘गाडी चुकंल तुझी.’